मतदारसंघांच्या सीमा : अमेरिकेंतील एक प्रकरण

मतदानाचा हक्क मिळाला म्हणजे सर्व कांहीं मिळालें, अशी सामान्य समजूत असते. परंतु त्या मताचें वजन किती, हें मतपेटीपाशीं ठरत नाहीं; तें आधींच नकाशावर ठरून गेलेलें असतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास याची साक्ष देतो.

इ. स. १७८७ मध्यें फिलाडेल्फिया येथें राज्यघटना तयार होत असतां लहान व मोठ्या राज्यांचा तंटा विकोपास गेला. तडजोड अशी निघाली कीं, सीनेटमध्यें प्रत्येक राज्यास दोन जागा असाव्या आणि प्रतिनिधिगृहांत लोकसंख्येच्या प्रमाणांत. त्यासाठीं दर दहा वर्षांनीं खानेसुमारी करण्याचा नियम घटनेंतच घातला गेला. राज्यवार जागा कॉंग्रेसनें वांटाव्या व राज्यांतील सीमा तेथील विधिमंडळानें आंखाव्या, अशी वहिवाट पडली.

या आंखणींतील डावपेंच लौकरच उघडकीस आले. १८१२ सालीं मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या पक्षानें राज्याच्या सीनेटसाठीं असा वांकडातिकडा मतदारसंघ पाडला कीं, तो सरड्यासारख्या दिसणाऱ्या सॅलॅमँडर प्राण्याप्रमाणें भासूं लागला. त्यावरूनच ‘गेरीमँडर’ हा शब्द रूढ झाला.

परंतु सीमा वांकविण्यापेक्षां त्या मुळींच न हलविणें अधिक बिनबोभाट असतें. १९२० च्या खानेसुमारींत शहरवासीयांची संख्या प्रथमच ग्रामवासीयांहून अधिक भरली. नव्या वांटणीनें सत्ता शहरांकडे झुकणार, हें उघड होतें. तेव्हां कॉंग्रेसनें त्या दशकांत वांटणीच केली नाहीं! अखेर १९२९ च्या कायद्यानें ४३५ ही संख्या कायम ठेवून पुढील वांटणी आपोआप व्हावी अशी तजवीज केली. १९३० च्या खानेसुमारीनंतर कॅलिफोर्नियाच्या जागा ११ वरून २० झाल्या, तर मिसूरीच्या १६ वरून १३.

याप्रमाणें राज्याराज्यांमध्यें न्याय झाला. राज्यांच्या अंतर्भागांत मात्र तो झाला नाहीं. मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी, ही १९११ च्या कायद्यांतील अट नव्या कायद्यांत नव्हती. इलिनॉय राज्यानें १९०१ नंतर सीमा बदलल्याच नव्हत्या. त्यामुळें एका मतदारसंघांत सुमारें १ लाख १२ हजार, तर दुसऱ्यांत ९ लाख १४ हजार लोक होते. केनेथ कोलग्रोव्ह या प्राध्यापकांनीं दाद मागितली. परंतु १९४६ मध्यें सुप्रीम कोर्टानें राजकारणाच्या या काटेरी झुडपांत शिरण्याचें नाकारलें. ज्यांची सत्ता जुन्या सीमांवर उभी होती, त्यांनाच त्या मोडण्याची विनंती करणें एवढेंच नागरिकांच्या हातीं उरलें.

१९६२ मध्यें टेनेसीच्या खटल्यांत कोर्टानें हें धोरण सोडलें. १९६४ मध्यें जॉर्जियाच्या खटल्यांत, प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तेवढी समान असलीच पाहिजे, असा निर्णय झाला. न हलविण्याचा मार्ग याप्रमाणें बंद झाला. वांकविण्याचा झाला नाहीं. पक्षीय हितासाठीं सीमा आंखल्याची तक्रार संघीय न्यायालयांच्या कक्षेंत येत नाहीं, असें २०१९ मध्यें त्याच कोर्टानें ठरविलें.

जागांची वांटणी १९२९ पासून गणिताच्या स्वाधीन झाली आहे. सीमा आंखण्याचें काम मात्र बहुतेक राज्यांत अद्यापि, ज्यांस त्याच सीमांच्या आधारें निवडणुका जिंकावयाच्या असतात, त्या पक्षांच्याच हातीं आहे.