शंकरपट, सफारी अन् नागद्वार : जुना डीएसएलआर सोडून छोटा मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

नागपूर : सोयाबीन-धान घरात आलं की जिल्ह्यात शंकरपटांचा हंगाम लागतो. त्याच दिवसांत पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या गेटवर जिप्सींच्या रांगा दिसतात. गावातले स्टुडिओवाले, वार्ताहर, जंगलातले गाइड आणि हौशी पोरं यांच्यात सध्या एकच चर्चा आहे. आठ-दहा वर्षं वापरलेला डीएसएलआर काढून छोटा मिररलेस घ्यावा का?

थोडक्यात उत्तर असं की पायी फिरणं आणि धावत्या गोष्टीचा फोटो हेच मुख्य काम असेल तर घ्यावा. पासपोर्ट फोटो, वाढदिवस आणि वर्षाकाठी पाच-सहा लग्नं एवढंच काम असेल तर घाई नको. कारण पैसा थोडा नाही. बॉडी आणि सोबतची छोटी लेन्स मिळून पाऊण लाख धरले, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते १४ क्विंटल सोयाबीन होतं. हमीभाव मिळाला तर! आणि लांबची लेन्स त्याहून वेगळी.

आरसा गेला म्हणजे काय झालं?

डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावर आपटून वर जातो आणि डोळ्याला चित्र दिसतं. बटन दाबलं की आरसा उचलतो, 'खट्ट' आवाज येतो आणि मागच्या सेन्सरवर फोटो उमटतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि डोळा लावायच्या जागी एक बारीक स्क्रीन असते. फोटो काळा येणार की पांढरा फटक, हे बटन दाबायच्या आधीच दिसतं. आरसा आणि त्याच्यावरचा काचेचा डोलारा गेल्यामुळे कॅमेरा लहान अन् हलका झाला.

हे तंत्र आजचं नाही. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी१ हा अशा धर्तीचा कॅमेरा आणला. तेव्हा फोकस आणि बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआरच पुढे होता. आता चित्र उलटलं. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवीन डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. म्हणून जुना कॅमेरा उद्या बंद पडतो असं नाही, पण नवीन लेन्स आणि नवीन सोयी मिररलेसलाच येणार.

पटावर काय फरक पडतो

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून बंद पडलेले पट पुन्हा भरू लागले. फोटोवाल्यांचं कामही त्यासोबत वाढलं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटावर तर बैलजोडीच्या मालकाला आपल्या जोडीचा चांगला फोटो हवाच असतो. तो मोठा करून घरात लावतो, आणि जोडीचा सौदा निघाला तर दाखवायलाही तोच कामी येतो.

जुन्या डीएसएलआरमध्ये फोकसचे ठिपके मधोमध गोळा झालेले असतात. जोडी कडेला गेली की फोकस मागच्या गर्दीवर बसतो. मिररलेसमध्ये सेन्सरच फोकस करतो, म्हणून जवळजवळ पूर्ण चौकटीत तो जोडीचा पाठलाग करतो. कॅनन आर १० नेहमीच्या यांत्रिक शटरने सेकंदाला १५ फोटो काढतो, सोनी ए ६४०० हा ११ काढतो. माणसाचा, कुत्र्या-मांजराचा, पाखराचा डोळा ओळखायची सोय आता स्वस्त कॅमेऱ्यातही आहे. बैलाचा डोळा मात्र प्रत्येक वेळी धरेलच याचा भरवसा धरू नये. धुरकऱ्याच्या चेहऱ्यावर किंवा पुढच्या बैलाच्या कपाळावर ट्रॅकिंग लावलेलं बरं.

शटर १/१००० च्या खाली नको. खुरांनी उडवलेली माती कणाकणाने हवी असेल तर १/२०००. मागचं सगळं पुसट आणि जोडी साफ असा वेगाचा फोटो हवा असेल तर १/६० ठेवून जोडीसोबत कॅमेरा फिरवावा. दहातले आठ बिघडतील, ते ठरलेलंच आहे.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. जंगलात ते छान, पण पटावर नको. त्यात सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. तेवढ्यात बैल पुढे सरकलेला असतो, त्यामुळे पाय तिरपे आणि छकड्याचं चाक अंड्यासारखं येतं. रात्रीच्या कबड्डीत एलईडी दिव्याखाली हेच शटर वापरलं तर फोटोवर आडवे पट्टे पडतात. दोन्ही ठिकाणी यांत्रिक शटर ठेवा आणि कबड्डीला मेनूतलं अँटी-फ्लिकर चालू करा.

दुसरी भानगड निवडायची. एका जोडीमागे चार सेकंद बटन दाबलं, तर आर १० वर ६० फोटो होतात. ४० जोड्यांचे २,४००. संध्याकाळी बातमी द्यायची असते आणि माणूस फोटोच चाळत बसतो. म्हणून वेग कमी ठेवून नेम धरलेला चांगला.

माती हा या कॅमेऱ्याचा खरा वैरी. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि पडदा असतो. बऱ्याच मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच दिसतो. पटाच्या मैदानात लेन्स बदलूच नये. अगदीच गरज पडली तर गाडीच्या काचा लावून, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदलावी. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारायची सवय असेल तर ती सोडा, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट.

जिप्सीत हलकं ओझं

कॅनन ८० डी ची बॉडी ७३० ग्रॅमची आणि त्यावर जंगलवाल्यांची आवडती सिग्मा १५०-६०० लेन्स १,९३० ग्रॅमची. झालं २ किलो ६६० ग्रॅम. आर १० हा बॅटरी-कार्डासह ४२९ ग्रॅम, त्याची १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅम. मिळून १ किलो ६४ ग्रॅम. हिचकोले खाणाऱ्या जिप्सीत सकाळचे चार तास हे ओझं सांभाळताना फरक कळतो.

पण तुलना सरळ नाही. ६०० ची लेन्स वाघाला जास्त जवळ आणते. शिवाय १००-४०० ही लेन्स लांबवर ताणली की तिचं तोंड एफ ८ इतकं बारीक होतं. सकाळी सहाच्या धुक्यात, बांबूच्या सावलीत तिला उजेड पुरत नाही. आयएसओ ६४०० च्या पुढे न्यावा लागतो आणि फोटोत दाणे दिसतात. हलकेपणाची ही किंमत आहे, ती समजून घ्यावी. आधारासाठी कापडी पिशवीत तांदूळ किंवा हरभरा भरून जिप्सीच्या दांड्यावर ठेवली तर निम्मा हादरा जातो. जाताना पिशवी रिकामी न्यायची, धान्य तिकडेच मिळतं.

जंगलात कॅमेरा लागतोच याचं आणखी एक कारण म्हणजे मोबाइलवरची बंदी. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात २०१८ पासून पर्यटकांना मोबाइल वापरता येत नाही. इतर ठिकाणचे नियम बदलत राहतात, कॅमेऱ्याचं शुल्कही वेगवेगळं असतं, तेव्हा बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावं.

अन् अंतराचा मुद्दा तर आपल्या जिल्ह्याने चांगलाच पाहिला आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगाव भागात, एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. व्हिडिओ पसरला. जिप्सीचालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जवळून फोटो पाहिजे म्हणून गाडी पुढे घ्यायला लावणारा पर्यटक घरी निघून जातो, रोजी जाते ती गावच्या पोराची. ४०० ची लेन्स या कॅमेऱ्यावर ६४० सारखी दिसते. वाघ रस्त्यावर असेल तर तेवढ्यात काम होतं. नाहीच झालं तर झाडासकट वाघाचा फोटो काढावा, तोही चांगला दिसतो.

नागद्वार, मारबत आणि पाऊस

विदर्भातून श्रावणात हजारो माणसं पचमढीच्या नागद्वार यात्रेला जातात. नागपंचमीच्या सुमाराचे मोजके दिवसच ही वाट उघडते. डोंगराची चढण, निसरडे दगड, पाऊस आणि पाठीवर शिदोरी. तिथे अडीच किलोचा कॅमेरा नेणारा दुसऱ्या डोंगरावर तो पिशवीत टाकतो आणि शेवटी मोबाइलवरच फोटो काढतो. छोटी लेन्स लावलेला मिररलेस छातीवरच्या लहान थैलीत मावतो आणि हाताशी राहतो. तसंच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या काळी-पिवळी मारबतीचं. जुन्या वस्तीच्या त्या गल्ल्यांत, गर्दीच्या धक्क्यात, लांब लेन्स कुणाच्या तरी डोक्याला लागते. तिथे लहान लेन्सच चालते.

पावसाचं मात्र जपून. आर ५० किंवा आर १० यांना पाणी अडवणारं पक्कं सील नाही. स्वच्छ पन्नीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावावा. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या थैलीत ठेवू नका, बुरशी लेन्सच्या आत चढली तर दुरुस्तीचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीला जातो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलेला चांगला.

बॅटरी, जुन्या लेन्स अन् मोबाइल

इथे डीएसएलआर अजून पुढे आहे. निकॉन डी ७२०० एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने १,११० फोटो काढतो, सोनी ए ६४०० डोळ्याच्या स्क्रीनवर ३६०. लागोपाठ फोटो काढले तर आकडा वाढतो, तरी दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च आधीच धरा. दिलासा एवढाच की नवे कॅमेरे टाइप-सी वायरने पॉवर बँकवर चार्ज होतात. लाइट गेली तरी अडत नाही. कॅननच्या कॅमेऱ्यांना मात्र 'पीडी' लिहिलेली पॉवर बँकच चालते. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत सलग व्हिडिओ काढला तर छोटा कॅमेरा तापून बंद पडू शकतो, हेही लक्षात असू द्या.

जुन्या लेन्सचं काय, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कॅननवाल्यांनी ईएफ-ईओएस आर अडॅप्टर घेतलं की त्यांच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ऑटोफोकससह चालतात. निकॉनचं एफटीझेड अडॅप्टर आहे, पण ज्या जुन्या लेन्सला फोकसची स्वतःची मोटर नाही, उदाहरणार्थ बऱ्याच जणांकडची ५० एमएम १.८ डी, तिचा फोकस हाताने करावा लागतो. सिग्मा-टॅमरॉन असेल तर स्वतःची लेन्स दुकानात घेऊन जा आणि लावून पाहा. कंपनी बदलली तर सगळंच नव्याने घ्यावं लागण्याची तयारी ठेवा. म्हणून कॅननवाल्याने कॅननमध्ये आणि निकॉनवाल्याने निकॉनमध्ये राहणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

बॉडी घेताना डोळा लावायची खिडकी आहे का ते पाहा. सोनी झेडव्ही-ई १० हलका आणि व्हिडिओला चांगला, पण त्याला ती नाही. दुपारच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर धावती जोडी दिसत नाही. गाइड मंडळींत निकॉन पी ९५० सारखे लांब झूमचे कॅमेरेही चालतात. ते मिररलेस प्रकारातले नव्हेत. लेन्स निघत नाही आणि सेन्सर बारीक असतो. उन्हात लांबचा पक्षी ओळखायला झकास, सांज झाली की हतबल.

वार्ताहरांच्या कामाची सोय म्हणजे वायफाय. पटाच्या मैदानातूनच फोटो मोबाइलमध्ये घेता येतो आणि पाठवता येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर २४ मेगापिक्सेलचा फोटो चिपाड होऊन पोहोचतो.

खरेदी पक्क्या बिलावर आणि भारतातल्या वॉरंटीवरच करावी. बिलाविना दोन-चार हजारांनी स्वस्त मिळणाऱ्या मालाला पुढे सर्व्हिस सेंटर हात लावेलच असं नाही. जुना घ्यायचा असेल तर एफ १६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहा, सेन्सरवरचे डाग तिथेच दिसतात. बॉडीवरचा नंबर बिलाशी जुळवा.

जुन्या डीएसएलआरला आता बाजारात फारसा भाव येत नाही, तेव्हा मातीमोल विकण्यापेक्षा लग्नात दुसरा कॅमेरा म्हणून ठेवलेला बरा. फक्त दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं आधी जुळवून घ्या, नाहीतर अल्बम लावताना हार आधी पडतात आणि वरात मागून येते.