व्हॅम्पायर, क्रूस आणि श्रद्धा : अमेरिकी भयकॉमिक्सचा एक इतिहास

व्हॅम्पायर क्रूसाला भितो, हे त्याची एकही गोष्ट न वाचलेल्यालाही ठाऊक असते. पण तो नेमका कशाला भितो? क्रूस या वस्तूतच ताकद असते, की तो धरणाऱ्याच्या श्रद्धेत? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. विशेष म्हणजे तो सर्वात चिकाटीने लावून धरला तो अमेरिकेत वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर काही सेंटांना मिळणाऱ्या कॉमिक्सनी, एरवी धर्मचिंतनाशी ज्यांचे नाव कोणी जोडणार नाही अशा प्रकाशनांनी.

मूळ लोकसमजुतींत क्रूसाला आजच्याइतके महत्त्व नव्हते. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलोवा गावी पेटर प्लोगोयोविट्झ नावाच्या मृताने लोकांचे बळी घेतल्याची ओरड झाली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याने एका धर्मगुरूला सोबत घेऊन थडगे उघडले. गावकऱ्यांनी प्रेताच्या छातीत अणकुचीदार खुंट ठोकला आणि ते जाळून टाकले. ग्रीक प्रदेशांत धर्मबहिष्कृत माणसाचे प्रेत कुजत नाही, असा समज होता. म्हणजे धर्माचा संबंध होता, पण तो मृताच्या पापाशी आणि चुकलेल्या अंत्यविधींशी. अशा उकराउकरीचे प्रकार इतके वाढले की १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्या अहवालावरून त्यांवर बंदी घातली.

क्रूस मध्यभागी आणला तो ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधल्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीने. जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज प्रॉटेस्टंट आहे. ट्रान्सिल्व्हानियाच्या वाटेवर खानावळीतली म्हातारी त्याच्या गळ्यात क्रूसाची जपमाळ घालते, तेव्हा त्याला संकोच वाटतो, कारण त्याच्या पंथाच्या शिकवणुकीप्रमाणे हा मूर्तिपूजेचाच प्रकार. पुढे किल्ल्यात दाढी करताना त्याला कापते. रक्त पाहून ड्रॅक्युला त्याच्या गळ्याकडे झेपावतो, पण हात जपमाळेच्या मण्यांना लागताच त्याचा आवेश क्षणात ओसरतो. हार्करची श्रद्धा डळमळीत असूनही माळ आपले काम करते. प्राध्यापक व्हान हेल्सिंग तर चर्चमधून मंत्रून आणलेली पवित्र भाकर कुस्करून थडग्याच्या दाराच्या फटी बुजवतो. तिचाच तुकडा हार्करची पत्नी मीना हिच्या कपाळाला लागतो, तेव्हा तिथे भाजल्याचा डाग उठतो. मीनाइतके निर्मळ मन कादंबरीत दुसऱ्या कोणाचे नाही, तरीही डाग उठतोच. स्टोकरच्या जगात बळ आहे ते पवित्र केलेल्या वस्तूचे.

१९५० मध्ये ई.सी. कॉमिक्सची ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’ ही मासिके सुरू झाली. त्यांना असल्या प्रश्नांत रस नव्हता. १९५३ मधली ‘मिडनाइट मेस’ ही जो ऑर्लँडोने चितारलेली कथा नमुन्यादाखल पाहता येईल. बहिणीला भेटायला आलेला हॅरल्ड रात्री एका उपाहारगृहात शिरतो. पदार्थांची नावे ऐकून त्याला शिसारी येते. पडदा सरकतो, मागे आरसा असतो आणि त्यात गिऱ्हाइकांपैकी एकट्या त्याचेच प्रतिबिंब दिसते. शेवटच्या चौकटीत तो उलटा टांगलेला आहे आणि त्याच्या गळ्याला तोटी बसवली आहे. क्रूस नाही, प्रार्थना नाही, वाचवायला धावून येणारा धर्मगुरूही नाही. त्या मासिकांच्या जगात माणसाच्या मदतीला बहुधा वरून कोणीच येत नसे, आणि त्यांच्या भीतीचा कस त्यातच होता.

पालक, चर्च आणि शाळा यांच्या रोषाने हे जग लवकरच बुडाले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांचे कॉमिक्सवर आरोप करणारे पुस्तक १९५४ मध्ये आले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि २१ एप्रिलला ई.सी.चे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. सरकारी बंदी टाळण्यासाठी प्रकाशकांनी ऑक्टोबरमध्ये स्वतःच आचारसंहिता केली, तीच कॉमिक्स कोड. व्हॅम्पायर, चालती प्रेते, नरभक्षण आणि लांडगा होणारी माणसे या साऱ्यांना तिने मज्जाव केला. शीर्षकात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द चालणार नव्हते. कोणत्याही धर्मगटाची टिंगल किंवा त्यावर हल्ला चालणार नाही, असेही कलम होते. कोडची मोहोर नसलेला अंक बहुतेक वितरक घेत नसत, त्यामुळे हा स्वेच्छेचा नियम कायद्याइतकाच कडक ठरला. १९७० च्या सुमारास मार्व्ह वुल्फमन या तरुण लेखकाचे आडनावही (शब्दशः ‘लांडगा-माणूस’) नियमात बसेना. शेवटी ते खरोखरच त्याचे आडनाव असल्याचे पटवून देऊन लेखक म्हणून रीतसर छापावे लागले. पुढे ड्रॅक्युलाची सर्वात मोठी मालिका लिहिली ती याच वुल्फमनने.

मधल्या काळात पळवाट काढली ती वॉरन प्रकाशनाने. मोठ्या आकाराची कृष्णधवल मासिके कोडच्या कक्षेत येत नव्हती. त्यांतूनच १९६९ मध्ये ‘व्हॅम्पिरेला’ आली. ती ड्रॅकुलॉन नावाच्या परग्रहावरची, जिथे नद्यांतून पाण्याऐवजी रक्त वाहते. तिच्या रक्ततहानेचा पापाशी किंवा शापाशी मुळातच संबंध नव्हता.

जानेवारी १९७१ मध्ये कोड सैल झाला. व्हॅम्पायरला परवानगी मिळाली, पण ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि पो, साकी, कॉनन डॉइल यांच्यासारख्या मान्यवर लेखकांच्या अभिजात परंपरेत बसेल अशाच रीतीने. ही अट दिसते त्यापेक्षा फार मोलाची ठरली. अभिजात व्हॅम्पायर म्हणजे स्टोकरचा, आणि स्टोकरच्या व्हॅम्पायरसोबत क्रूस येणारच. धर्माला धक्का लागू नये म्हणून जपणाऱ्या नियमावलीनेच अशा रीतीने धर्म कथेच्या गाभ्यात आणून ठेवला. मार्व्हल कंपनीचा पहिला प्रयत्न मात्र सावध होता. ऑक्टोबर १९७१ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १०१ व्या अंकात मॉर्बियस अवतरला, तो प्रयोग फसल्यामुळे व्हॅम्पायर झालेला शास्त्रज्ञ. विज्ञानातून जन्मलेल्याला क्रूसाची भीती बाळगायचे कारण नव्हते.

एप्रिल १९७२ मध्ये ‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ सुरू झाले आणि ऑगस्ट १९७९ पर्यंत त्याचे ७० अंक निघाले. चित्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत जीन कोलनची. त्यावर टॉम पामरची शाई चढली की धुके, दगडी जिने आणि अंगरख्याच्या चुण्या एकमेकांत विरघळून जात. सातव्या अंकापासून लेखन वुल्फमनकडे आले. शिकाऱ्यांमध्ये चाकाच्या खुर्चीतला म्हातारा क्विन्सी हार्कर, म्हणजे कादंबरीतल्या जोनाथन आणि मीना यांचा मुलगा, आणि व्हान हेल्सिंगच्या वंशातली रेचल होती. वाचा गमावलेला ताज नितल हा भारतीयही होता. त्याचा स्वतःचा मुलगाच व्हॅम्पायर झालेला, त्यामुळे त्याचे दुःख साऱ्यांत गहिरे. दहाव्या अंकात आलेला शिकारी ब्लेड क्रूसावर विसंबत नाही. त्याचा भरवसा सागाच्या लाकडाच्या सुऱ्यांवर आहे.

मालिकेचा धार्मिक कस लागला तो पंचेचाळिसाव्या अंकापासून पुढे. बॉस्टनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये अँटन लुपेस्की हा सैतानपूजकांचा पंथ चालवतो. ड्रॅक्युला स्वतःच सैतान असल्याचे भासवून तो पंथ ताब्यात घेतो आणि डोमिनी या तरुणीशी विवाह करतो. त्या वास्तूत ख्रिस्ताचे एक मोठे चित्र उरले आहे. ते त्याला सहन होत नाही, आणि नाहीसेही करता येत नाही. लहानशा क्रूसापुढे क्षणभर मागे हटणे वेगळे आणि रोज त्या नजरेखाली राहणे वेगळे. कोलनने ते चित्र पुन्हापुन्हा चौकटीत आणून हा फरक दाखवला आहे. त्यांचा मुलगा जेनस जन्मतो तो नाताळाच्या दिवशी. लुपेस्कीने ड्रॅक्युलावर झाडलेली गोळी त्या तान्ह्याला लागते. पुढे डोमिनीच्या साधनेने जेनस सोनेरी कांतीच्या देवदूतासारखा होऊन परततो आणि बापाविरुद्ध उभा ठाकतो. ख्रिस्तजन्म, बळी आणि पुनरुत्थान हे सारे इथे आहे, आणि त्या साऱ्याच्या मधोमध असलेल्या खलनायकाला देवावर राग धरता येतो, पण त्याला नाकारता येत नाही. वुल्फमन स्वतः ज्यू. परक्या धर्माची प्रतीके त्याने इतक्या गांभीर्याने हाताळली, हे या मालिकेचे मोठेपण आहे.

‘वस्तू की श्रद्धा’ हा प्रश्न कॉमिक्सबाहेरही उघड विचारला जात होता. रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ मधल्या ‘आय अॅम लेजंड’ या कादंबरीत ज्यू व्हॅम्पायरवर क्रूसाचा परिणाम होत नाही, तोरा या धर्मग्रंथाचा होतो. म्हणजे तिथे श्रद्धा मोजली जाते ती व्हॅम्पायरची. स्टीफन किंगच्या १९७५ मधल्या ‘सेलम्स लॉट’मध्ये ती पुन्हा माणसाची होते. फादर कॅलहन यांचे मन कचरते आणि हातातल्या क्रूसाचे तेज विझते. (नारायण धारपांची ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतलेली आहे.)

कॉमिक्समध्ये या प्रश्नाचा लख्ख निकाल लागला तो जुलै १९८२ च्या ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १५९ व्या अंकात. लेखक ख्रिस क्लेरमाँट, चित्रकार बिल सिंकेविच. ड्रॅक्युलापुढे एक्स-मेन चमूतली किटी प्राइड क्रूस धरते, पण ती ज्यू असल्याने त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. तो तिचा गळा धरतो आणि तिच्या साखळीतल्या डेव्हिडच्या ताऱ्याने, म्हणजे ज्यू धर्मचिन्हाने, त्याचा हात भाजतो. तिचा साथीदार वुल्व्हरिन आपल्या पोलादी नख्यांचा क्रूस करतो, पण त्याचा देवावर विश्वास नाही, म्हणून तोही फुकट जातो. मग नाइटक्रॉलर लाकडाच्या दोन तुकड्यांचा क्रूस जुळवतो आणि ड्रॅक्युला मागे सरतो. निळ्या कातडीचा, शेपटीचा, सैतानासारखा दिसणारा हा बव्हेरियन मुलगा मनापासून कॅथलिक आहे. हार्करच्या गळ्यातल्या माळेचाच प्रसंग ८५ वर्षांनी पुन्हा घडला, पण नियम उलटला होता. मंत्रून न घेतलेली दोन लाकडे पुरली, कारण धरणारा श्रद्धाळू होता.

या नियमाची मार्व्हलच्या विश्वाला निकडही होती. तिथे व्हॅम्पायरांची उत्पत्ती अटलांटिस बेटावर, ‘डार्कहोल्ड’ या काळ्या जादूच्या ग्रंथातून झाल्याचे ठरले होते, म्हणजे ख्रिस्ताच्या कितीतरी हजार वर्षे आधी. इतक्या जुन्या प्राण्याने नंतर आलेल्या चिन्हाला का भ्यावे, याचे पटणारे उत्तर धरणाऱ्याच्या श्रद्धेतच सापडत होते.

डिसेंबर १९८३ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या ६२ व्या अंकात याच ग्रंथातला माँटेसी मंत्र उच्चारून जादूगार स्ट्रेंजने पृथ्वीवरचे सगळे व्हॅम्पायर नष्ट केले. त्या वेळी वाचला तो एकटा हॅनिबल किंग हा व्हॅम्पायर गुप्तहेर. जिवंत माणसाच्या गळ्याला तोंड लावून त्याने कधीच रक्त प्यायले नव्हते, म्हणून तो मेला नाही, पुन्हा माणूस झाला.