फाटकाबाहेरची नोकरी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तिथे मेंडोटा सरोवराच्या काठी १८६० साली सरकारी मनोरुग्णालय उघडले. शंभरेक वर्षांनी, १९७०च्या सुमारास, तिथल्या डॉक्टरांना एक कोडे छळू लागले. सुधारलेला रुग्ण घरी जाई आणि काही महिन्यांत पुन्हा दारात उभा राही. वॉर्डात त्याला स्वयंपाक शिकवलेला असे, कपडे धुणे, पैशांचा हिशेब ठेवणेही शिकवलेले असे. पण शहरातल्या भाड्याच्या खोलीत यातले फारसे काही उपयोगी पडत नसे. तिथली शेगडी वेगळी, बसचा रस्ता अनोळखी, घरमालक संशयी, आणि गोळ्या संपल्या तर कुणाला सांगायचे हेच ठाऊक नाही.

डॉ. लिओनार्ड स्टाइन, डॉ. अर्नोल्ड मार्क्स आणि मेरी अ‍ॅन टेस्ट या तिघांनी त्यावर एक धाडसी उत्तर काढले. जिथे माणसाला जगायचे आहे तिथेच त्याला शिकवायचे. १९७२मध्ये वॉर्डातले कर्मचारी मॅडिसन शहरात कामाला उतरले. परिचारिका रुग्णाबरोबर किराणा आणायला जाऊ लागल्या. कुणी त्याला सकाळी उठवून कामावर पोचवू लागले, कुणी घरमालकाची समजूत घालू लागले. रात्री-अपरात्री फोन आला तरी उचलणारे कुणीतरी असे.

आज अमेरिकेत मानसिक आरोग्याच्या सामुदायिक केंद्रांत ‘केअर कोऑर्डिनेटर’ (सेवा समन्वयक) म्हणून हजारो माणसे काम करतात. त्यांच्या कामाची रीत बऱ्याच अंशी या मॅडिसनच्या प्रयोगात घडली.

तसे पाहिले तर रुग्णाच्या घरापर्यंत जाणारी पावले त्याहून जुनी. न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांच्या पत्नी मेरी मायर १९०४च्या सुमारास रुग्णांच्या घरी जाऊन कुटुंबीयांशी बोलत. घरातली परिस्थिती कळल्याशिवाय आजार कळणार नाही, अशी अ‍ॅडॉल्फ यांची धारणा होती. पुढे १९१८मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजने मनोविकार क्षेत्रातल्या समाजसेविकांसाठी प्रशिक्षण सुरू केले. पण या समाजसेविका मोजक्याच होत्या आणि रुग्णालये अजस्र. १९५५मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसे राहत होती. अनेकांचे उभे आयुष्य तिथेच सरले.

त्याच सुमाराला दोन गोष्टी बदलल्या. १९५४मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत बाजारात आले आणि भ्रम-भासांनी ग्रासलेले असंख्य रुग्ण सावरू लागले. दुसरीकडे, कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे, ही जाणीव समाजात वाढत गेली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हा प्रश्न घरातूनच माहीत होता. त्यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर ती कायमची परावलंबी झाली. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली.

कायद्यामागचे स्वप्न मोठे होते. देशभर १,५०० केंद्रे उभी राहायची होती. प्रत्यक्षात उभी राहिली ती साधारण निम्मीच. रुग्णालये मात्र झपाट्याने रिकामी होत गेली. १९६५मध्ये आलेल्या मेडिकेड योजनेने या ओहोटीला आणखी जोर दिला. ही योजना गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलते, पण मनोरुग्णालयातल्या प्रौढ रुग्णांसाठी केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही अशी तरतूद त्यात होती. त्यामुळे रुग्णाला राज्याच्या रुग्णालयातून हलवले की राज्याच्या तिजोरीवरचा भार हलका होई. पुष्कळ वृद्ध रुग्ण एका संस्थेतून उचलून नर्सिंग होम नावाच्या दुसऱ्या संस्थेत ठेवले गेले. १९८०पर्यंत सरकारी मनोरुग्णालयांतली संख्या १ लाख ३० हजारांच्या घरात आली होती.

बाहेर पडलेल्या माणसाला काय काय लागते? डॉक्टर एका इमारतीत, अपंगत्वाच्या भत्त्याचे कार्यालय दुसरीकडे, स्वस्त घरांची यादी तिसरीकडे, रोजगार केंद्र चौथीकडे. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळी रांग, वेगळी मुदत. धडधाकट माणूसही यात मेटाकुटीला येतो. ज्याला कानात आवाज ऐकू येतात, औषधाने दिवसभर झापड असते आणि लोकांच्या नजरेची धास्ती वाटते, त्याने हे एकट्याने निभवावे अशी अपेक्षा सरकारने केली होती. फाटक उघडणाऱ्यांची ही सर्वांत मोठी चूक होती.

१९७७मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने अहवाल देऊन नेमके हेच सांगितले: माणसे समाजात परतली, पण त्यांची जबाबदारी स्पष्टपणे कुणावरच नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने राज्यांना हाताशी धरून सामुदायिक आधाराचा कार्यक्रम आखला. रुग्णाच्या सगळ्या गरजांचा पाठपुरावा करणारी एक ठरावीक व्यक्ती हवी, हे त्यात मुद्दाम नमूद होते. अशा कामाचा खर्च मेडिकेडमधून भागवण्याची सोय १९८६च्या कायद्याने झाली आणि ही नोकरी देशभर पसरली.

मॅडिसनच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८०मध्ये प्रसिद्ध झाले होते. रुग्णालयात भरती व्हायला आलेल्या १३० जणांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला चौदा महिने शहरातच साथ मिळाली. दुसऱ्या गटातली माणसे रुग्णालयात फारच कमी राहिली, अधिक काम करू शकली, स्वतःच्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी होती. खर्च थोडा जास्त आला, पण या माणसांची कमाई जमेस धरली तर पारडे नव्या पद्धतीकडे झुकत होते.

याच अभ्यासातली एक नोंद फार मोलाची ठरली. चौदा महिन्यांनी ही साथ काढून घेतल्यावर मिळवलेले बरेच काही ओसरले आणि रुग्णालयाच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मधुमेहाच्या माणसाला वर्षभर इन्सुलिन देऊन मग ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ असे कुणी म्हणत नाही. म्हणूनच पुढे या पद्धतीत साथीची मुदत ठरवायची नाही, असा दंडक आला. सोबत आणखी काही नियम घट्ट झाले: दहा रुग्णांमागे साधारण एक कर्मचारी, रोज सकाळी सगळ्या गटाची बैठक आणि बहुतेक भेटी रुग्णाच्या घरी किंवा त्याच्या वस्तीत.

मॅडिसनमध्ये आणखी एक घटना घडली. हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आयांच्या मुलांना स्किझोफ्रेनिया होता. दोघींनी मिळून समदुःखी कुटुंबांना एकत्र आणले. १९७९मध्ये याच शहरात देशभरातले असे पालकगट जमले आणि ‘नॅमी’ ही राष्ट्रीय संघटना जन्मली. पुढे मॅडिसनची पद्धत राज्याराज्यांत नेण्यासाठी याच संघटनेने नेटाने पाठपुरावा केला. रात्री दोनला फोन कुणाला करायचा, हा प्रश्न या कुटुंबांनी अनुभवलेला होता.

नोकरी पसरली, तशी ती पातळही होत गेली. अनेक ठिकाणी दहाच्या जागी कितीतरी अधिक नावे एकेका कर्मचाऱ्याच्या यादीत आली. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून कामाचे बिल करायची पद्धत रुजली. रुग्णाच्या शेजारी बसून भत्त्याचा अर्ज भरला तर त्याची नोंद होते. तो घाबरलाय म्हणून नुसते त्याच्याबरोबर जिना चढून गेले, तर ते कोणत्या रकान्यात लिहावे हे सुचत नाही. पगार बेताचा असतो, माणसे टिकत नाहीत, आणि मोठ्या कष्टाने विश्वास टाकलेल्या रुग्णाला पुन्हा नव्या चेहऱ्यासमोर पहिल्यापासून सगळे सांगावे लागते. २०१४च्या कायद्याने प्रमाणित सामुदायिक केंद्रांची योजना आणली. त्यात या समन्वयाला मध्यवर्ती स्थान आहे आणि केंद्राच्या खर्चाचा एकूण हिशेब मांडून दर ठरतो. १९६३च्या कायद्यात हाच हिशेब मांडायचा राहून गेला होता.

हा धागा आपल्या मातीतही येऊन पोचला आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्य व चिंतेच्या रुग्णांचा पाठपुरावा त्यांच्याकडे सोपवला. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात सरकारी केंद्रांतले रुग्ण अशा मदतीने अधिक संख्येने बरे झालेले दिसले. स्किझोफ्रेनियासाठी असाच प्रयोग तमिळनाडू, गोवा आणि आपल्या सातारा जिल्ह्यात झाला. गावातलेच कार्यकर्ते रुग्णाच्या घरी जात, औषधांची चौकशी करत, घरच्यांशी बोलत, सरकारी सवलतींची वाट दाखवत. २८२ रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. निव्वळ दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा ही जोड सरस ठरली. फरक माफक होता, पण तो गावातल्या साध्या माणसांनी घडवला होता.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भारतातल्या प्रत्येक व्यक्तीला उपचारांचा हक्क दिला. समाजात राहून मिळणाऱ्या सेवाही त्यात मोडतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या सरकारी मनोरुग्णालयांतून घरी परतणाऱ्या माणसाला हा हक्क मिळायचा असेल, तर त्याच्या गावात, त्याच्या गल्लीत येणारा कार्यकर्ता लागेल. तो एखाद्या प्रयोगाच्या निधीवर नेमून निधी संपताच घरी पाठवायचा नाही, हे मॅडिसनने १९८०मध्येच आकड्यांनिशी दाखवले आहे. शासनाने या कामासाठी कायमची पदे निर्माण करावीत, त्यांना नीट पगार द्यावा आणि एकेकावर किती रुग्णांचा भार टाकायचा याची मर्यादा आधीच लिहून ठेवावी.