खनिजांचे नामकरण

खनिजांचे नामकरण : खनिजांच्या स्वतंत्र जाती ओळखून त्यांना नावे देण्याची पद्धती. निश्चित मर्यादेतील रासायनिक संघटन व अणूंची ठराविक अंतर्गत मांडणी या दोन गोष्टींवरून खनिजाची जाती ठरते. यांपैकी एक जरी वेगळी असली, तरी जाती वेगळी मानतात. रंग, चकाकी, कठिनता, आकार इ. गुणधर्म ओळखीस उपयोगी पडतात. मात्र केवळ त्यांच्यावरून जाती ठरत नाही. आज सु. ६,००० हून अधिक खनिज जाती मान्य झालेल्या आहेत. तथापि जातीची ही व्याख्या विसाव्या शतकात स्थिर झाली, तर खनिजांना नावे देण्याची प्रथा काही हजार वर्षांची आहे. बहुतेक जुन्या खनिजांच्या बाबतीत नाव आधी पडले व ओळख मागाहून पटली. त्यामुळे खनिजनामांचा इतिहास हा बऱ्याच अंशी दिलेली नावे तपासण्याचा, सुधारण्याचा व प्रसंगी रद्द करण्याचा इतिहास आहे.

प्राचीन नावे : प्राचीन नावे मुख्यतः रंग, उपयोग वा प्राप्तिस्थान यांवरून पडलेली आहेत. रक्तासारख्या रंगाच्या चूर्णामुळे ग्रीकांनी हेमॅटाइट हे नाव दिले. ‘दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाबरोबर येणाऱ्या विशेषणाचा प्रत्यय पुढे ‘आइट’ या रूपाने बहुसंख्य खनिजनामांत रूढ झाला. संस्कृतातील गैरिक, हरिताल, मनःशिला, हिंगुल इ. नावे रंगद्रव्ये व औषधे यांच्या व्यवहारातून आलेली असून गेरू, हरताळ, मनशीळ व हिंगूळ या रूपांनी ती मराठीत टिकून आहेत. ‘गारगोटी’सारखे नित्याच्या वापरातील शब्द मात्र एकाच खनिजापुरते मर्यादित नसतात.

केवळ दिसण्यावर विसंबून न राहता खनिजाची परीक्षा करण्याची कल्पनाही जुनी आहे. *रसरत्नसमुच्चय* या रसशास्त्रीय ग्रंथात अभ्रकाचे पिनाक, नाग, मंडूक व वज्र असे प्रकार सांगितले असून ते अग्निपरीक्षेवरून ओळखावयाचे आहेत. तापविल्यावर पिनाकाचे पापुद्रे सुटतात, नाग फूत्कार करतो, मंडूक बेडकाप्रमाणे उडतो व वज्र अविकृत राहतो. औषधासाठी वज्रच ग्राह्य मानलेले आहे. येथे नाव वर्तनावरून पडलेले आहे. अठराव्या शतकातील यूरोपीय खनिजवैज्ञानिकांनी याच प्रकारची कसोटी स्वतंत्रपणे वापरली.

फुंकनळी व झिओलाइट : फुंकनळीने दिव्याची ज्योत खनिजाच्या तुकड्यावर रोखून तो वितळतो की फुगतो, ज्योतीला कोणता रंग येतो, हे पाहण्याची पद्धत स्वीडनमध्ये विशेष विकसित झाली. निकेल या धातूचा शोध लावणारे आक्सेल फ्रेड्रिक क्रूनस्टेट यांनी १७५६ साली एका खनिजाचे वर्णन प्रसिद्ध केले. फुंकनळीखाली ते उकळल्यासारखे फसफसत असे. म्हणून ‘उकळणे’ व ‘दगड’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्यास झिओलाइट हे नाव दिले. उकळण्याचे कारण म्हणजे खनिजातून बाहेर पडणारे पाणी होय. मात्र ते पाणी खनिजात कोठे व कसे असते, हे कळण्यास आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. क्रूनस्टेट यांचे खनिज स्टिल्बाइट असावे, असा समज दीर्घकाळ होता. मूळ ठिकाणच्या नमुन्यांची आधुनिक तपासणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीवरून ते मुख्यत्वे स्टेलराइट असून त्यात स्टिल्बाइट मिसळलेले असल्याचे दिसून आले. अशा रीतीने ज्या नमुन्यावरून सबंध गटाला नाव मिळाले, त्याची ओळख अडीचशे वर्षांनी निश्चित झाली.

फुंकनळीच्या परीक्षेतून पडलेली इतर नावेही प्रचारात आहेत. तापविल्यावर पापुद्रे सुटतात म्हणून ॲपोफायलाइट आणि ज्योतीत किड्यासारखे वळते म्हणून स्कोलेसाइट, ही त्यांपैकी दोन नावे होत. दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत ही दोन्ही खनिजे विपुल आढळतात.

बाह्यरूप व स्फटिकाकार : जर्मनीतील फ्रायबर्ग येथील अध्यापक आब्राहाम गोटलोप व्हेर्नर यांनी १७७४ साली बाह्य लक्षणांवरून खनिजे ओळखण्याची शिस्तबद्ध पद्धती मांडली. व्यक्तीच्या नावावरून खनिजास नाव देण्याची प्रथाही त्यांच्या प्रेनाइट या नावापासून (१७८८) सुरू झाली, असे सामान्यतः मानतात. फ्रान्समध्ये रने झ्यूस्त आवी यांनी स्फटिकांच्या भूमितीवर भर दिला. वैदूर्य (बेरिल) व पाचू यांचे स्फटिक भूमितीच्या दृष्टीने सारखेच आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर ल्वी नीकॉला व्होक्लँ यांनी १७९८ साली दोहोंचे रासायनिक विश्लेषण केले. तेव्हा दोहोंतही तोवर अज्ञात असलेल्या एकाच मूलद्रव्याचे ऑक्साइड आढळले. हे मूलद्रव्य म्हणजे बेरिलियम होय. दोन प्राचीन नावांची रत्ने ही एकाच जातीची ठरली आणि पाचू हे वैदूर्याच्या हिरव्या प्रकाराचे नाव म्हणून उरले.

उलट प्रकारही घडले. स्टिल्बाइट या नावाखाली मोत्यासारखी चकाकी असणारी दोन निरनिराळी खनिजे एकत्र मोडत होती. त्यांचे स्फटिक वेगळ्या प्रणालींचे असल्याचे दाखवून हेन्री जेम्स ब्रूक यांनी १८२२ साली त्यांतील एकास खनिज-संग्राहक हेन्री ह्यूलँड यांच्यावरून ह्यूलँडाइट हे नाव दिले.

रासायनिक विश्लेषण : मार्टीन हाइन्रिख क्लापरोट, व्होक्लँ व यन्स याकॉप बर्झीलियस यांच्या विश्लेषणांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खनिजाची ओळख संघटनावर आधारण्याचा प्रयत्न सुरू झाला. क्लापरोट यांनी १८०३ साली सोडियमयुक्त झिओलाइटास नॅट्रोलाइट म्हटले. त्याच्याशी जवळचे नाते असलेल्या स्कोलेसाइटात सोडियमाऐवजी कॅल्शियम असते. दोन्ही मूलद्रव्ये असणाऱ्या खनिजास १८१६ साली मेसोलाइट, म्हणजे ‘मधला’, हे नाव मिळाले. ही तिन्ही खनिजे सुयांसारख्या पांढऱ्या स्फटिकांच्या झुपक्यांत आढळत असल्याने नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखणे बहुधा अशक्य असते.

विश्लेषणापुढे दोन मोठ्या अडचणी होत्या. कॅल्साइट व ॲरॅगोनाइट यांचे संघटन एकच (कॅल्शियम कार्बोनेट), पण स्फटिक वेगळे. ॲरॅगोनाइटात अल्प स्ट्राँशियम आढळल्यावर काहींनी तेच या भेदाचे कारण मानले. उलट काही खनिजांत एका मूलद्रव्याची जागा दुसरे इतके सहज घेते की, दोन नमुन्यांची विश्लेषणे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आइलहार्ट मिचर्लिख यांनी १८१९ साली मांडलेली समाकृतिकतेची व त्यानंतर लवकरच मांडलेली बहुरूपतेची कल्पना यांमुळे ही कोडी सुटू लागली. सदृश अणू परस्परांची जागा घेऊ शकतात, तसेच एकच संयुग भिन्न मांडणीने स्फटिकीभूत होऊ शकते, हे स्पष्ट झाले. अमेरिकन खनिजवैज्ञानिक जेम्स ड्वाइट डेना यांनी आपल्या खनिजविज्ञानविषयक ग्रंथाच्या १८५४ च्या आवृत्तीत पूर्वीची वर्गीकरणपद्धती सोडून रासायनिक वर्गीकरण स्वीकारले.

महाराष्ट्रातून गेलेली नावे : याच काळात दख्खनमधील खनिजांचे नमुने यूरोप-अमेरिकेत पोहोचू लागले व त्यांवरून काही नवी नावे निघाली. पुण्याच्या परिसरातील सुईसारख्या एका झिओलाइटास ब्रूक यांनी १८३१ साली ‘पूनालाइट’ म्हटले. हे खनिज प्रथम स्कोलेसाइटाच्या निकटचे मानले जात होते. नंतर ते मेसोलाइटच असल्याचे ठरले. सह्याद्रीतून आलेल्या हिरवट खनिजास अमेरिकेत ‘सायहेड्राइट’ हे नाव मिळाले; पण ते स्टिल्बाइटाहून वेगळे ठरले नाही. नागपूर परिसरात भूवैज्ञानिक निरीक्षणे करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांच्या सन्मानार्थ डब्लिनचे सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ साली ‘हिस्लोपाइट’ व ‘हंटराइट’ ही नावे दिली. यांपैकी पहिले हिरव्या सिलिकेटी द्रव्याने रंगलेले कॅल्साइट, तर दुसरे मृत्तिकामय द्रव्य निघाले. मान्य जातींच्या यादीत आज या चारही नावांना स्थान नाही. हिस्लॉप यांचे नाव खनिजविज्ञानात टिकले नाही; नागपूरच्या महाविद्यालयाच्या रूपाने मात्र ते परिचित आहे.

मध्य भारतातील मँगॅनीज धातुकांचा अभ्यास करणारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक नावे सुचविली. त्यांचे भवितव्य वेगवेगळे झाले. झाबुआ भागातील काजळीडोंगरी येथील ‘हॉलंडाइट’ बेरियम-मँगॅनीज ऑक्साइड म्हणून मान्य राहिले व पुढे समान संरचनेच्या खनिजांच्या एका मोठ्या गटालाच ते नाव मिळाले. छिंदवाडा भागातील ‘सीतापाराइट’ हे त्याआधी अमेरिकेत वर्णिलेले बिक्सबाइटच निघाले. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथे आढळलेले ‘व्रेडेनबर्गाइट’ हे एक खनिज नसून जॅकोब्साइट व हॉसमनाइट यांची सूक्ष्म आंतरवृद्धी असल्याचे दिसले. दोन खनिजांचे असे मिश्रण डोळ्यांना एकजिनसी दिसते व त्याचे विश्लेषणही एकच सरासरी संघटन देते. म्हणून निव्वळ रासायनिक विश्लेषणाने अशी चूक उघडकीस येत नाही. ही नावे देणाऱ्यांचे निरीक्षण ढोबळ नव्हते. त्यांच्या हाती असलेल्या साधनांची मर्यादा तेवढी होती.

क्ष-किरणांचे साहाय्य : माक्स फोन लौए व त्यांचे सहकारी यांनी १९१२ साली स्फटिकांमुळे क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे दाखविले. लगेचच विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी त्यावरून अणूंची मांडणी काढण्यास सुरुवात केली. झिओलाइटांच्या संरचना १९३० च्या सुमारास उलगडू लागल्या. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांभोवतीच्या ऑक्सिजन अणूंच्या चतुष्फलकांचा सलग सांगाडा, त्यातील पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियम इ. आयन आणि पाण्याचे रेणू, असे त्यांचे स्वरूप आहे. तापविल्यास पाणी निघून जाते, पण सांगाडा बहुधा टिकून राहतो. क्रूनस्टेट यांनी पाहिलेल्या ‘उकळण्या’चा उलगडा असा झाला. पोकळ्यांतील आयनांची अदलाबदल होऊ शकत असल्याने एकाच जातीच्या नमुन्यांची विश्लेषणे भिन्न का येतात, हेही समजले.

आंतरराष्ट्रीय नियम : आंतरराष्ट्रीय खनिजवैज्ञानिक संघटना १९५८ साली स्थापन झाली व पुढील वर्षी नव्या खनिजांसाठी व नावांसाठी तिने आयोग नेमला. नाव प्रसिद्ध करण्यापूर्वी संघटन, संरचना व गुणधर्म यांची माहिती आयोगापुढे ठेवून मान्यता घ्यावी लागते. तसेच मूळ नमुना संग्रहालयात जतन करावा लागतो. संरचनेतील विशिष्ट स्थानी ज्या मूलद्रव्याचे आधिक्य असेल, त्यावरून सामान्यतः जाती ठरते.

झिओलाइटांसाठी १९९७ साली स्वतंत्र नियम झाले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट इ. नावे आता मालिकांची असून पोकळ्यांतील प्रमुख आयनाचे चिन्ह जोडून जाती सांगतात, उदा., स्टिल्बाइट-कॅल्शियम व स्टिल्बाइट-सोडियम. सांगाडा सारखाच असलेल्या ह्यूलँडाइट व क्लिनोप्टिलोलाइट यांमधील सीमा सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या ४ या गुणोत्तरावर आखली आहे. ॲपोफायलाइटाची नावे तर आयोगाने २००८ साली बदलून २०१३ साली पुन्हा फिरवली. परिणामी संग्रहालयांतील पुष्कळ चिठ्ठ्यांवरील नावे आज गटनामे म्हणूनच वाचावी लागतात आणि विश्लेषण केल्यावाचून जाती सांगता येत नाही.

नाव केवळ चिठ्ठीपुरते नसते, हे एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटावरून दिसून येते. ‘लोकर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १८९८ साली अमेरिकेतील नमुन्यास हे निरुपद्रवी नाव देण्यात आले. तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागातील काही खेड्यांत फुप्फुसाच्या आवरणाचा दुर्मिळ कर्करोग असाधारण प्रमाणात होत असल्याचे १९७० च्या दशकात दिसून आले. त्याचा संबंध तेथील खडकांतील व घरबांधणीच्या दगडांतील एरिओनाइटाच्या तंतूंशी असल्याचे सिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली त्यास मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. क्लिनोप्टिलोलाइटाचा मात्र जलशुद्धी व पशुखाद्य यांत उपयोग केला जातो. दोन्ही झिओलाइटच असल्यामुळे खडकात नेमकी कोणती जाती आहे, हे ठरविणे जीवितरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

संघटन व संरचना या दोन्ही कसोट्या का आवश्यक आहेत, याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत मिळते. तेथील गडद निळ्या स्फटिकांसाठी प्रसिद्ध असलेले कॅव्हान्साइट प्रथम अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडले व १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट या शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार केलेले आहे, म्हणजे नावातच संघटन आलेले आहे. पण अगदी त्याच संघटनाचे दुसरे निळे खनिज त्याच्याबरोबर वर्णिले गेले. वाघोलीतही ते सापडते. त्याची संरचना वेगळी असून जोडस्फटिकांच्या पंचकोनी मांडणीमुळे त्यास पेंटॅगोनाइट म्हणतात. कॅव्हान्साइट हे नाव संघटन पूर्णपणे सांगते. जाती ओळखण्यास मात्र ते एकटे पुरत नाही.