किल्ल्याची माती, सोरा आणि इन्सुलिनची थैली

बिदरी भांडे तयार होत आले की कारागिराचे शेवटचे काम मातीचे असते. जस्तात थोडे तांबे (साधारण सोळास एक) घालून ओतलेल्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवून झालेली असते, पण अजून सगळे राखाडीच दिसते. मग बिदरच्या किल्ल्यातली, जुन्या छपराखालची, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती घेतात. तिच्यात नवसागर (अमोनियम क्लोराइड) मिसळतात, पाण्यात कालवतात आणि किंचित तापवलेल्या भांड्यावर चोळतात. मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी पांढरीशुभ्र राहते. त्या मातीतला कामाचा घटक म्हणजे सोरा, रसायनाच्या भाषेत पोटॅशियम नायट्रेट. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय नोंदींत तर माती वगळून सरळ घटकच दिले आहेत: नवसागर, सोरा, मीठ, मोरचूद.

आता दुसरी कृती पाहा. इंग्लंडात रिचर्ड वॉकर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्फाशिवाय थंडी निर्माण करणाऱ्या मिश्रणांचे प्रयोग केले. पुढे शंभर वर्षे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत छापल्या गेलेल्या त्या प्रयोगांच्या कोष्टकात एक ओळ अशी आहे: पाच भाग नवसागर, पाच भाग सोरा, सोळा भाग पाणी. 10 अंश सेल्सिअसचे पाणी उणे 12 अंशांपर्यंत उतरते.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या तेव्हापासून मला चैन नाही. भांडे काळे करणारी जोडी आणि पाणी गोठवणारी जोडी एकच आहे. खेळाडूच्या मुरगळलेल्या पायावर ठेवतात ती, दाबली की क्षणात गार पडणारी पिशवी घ्या. तिच्यात बहुधा अमोनियम नायट्रेट आणि पाण्याची छोटी पुडी असते. नवसागरातला अमोनियम, सोऱ्यातला नायट्रेट! दोन्ही क्षार एका पाण्यात विरघळले की त्यांचे कण सुटे होतात आणि कोण कोणाबरोबर आले होते याला अर्थ उरत नाही. कण सुटे व्हायला उष्णता लागते, ती पाण्यातूनच ओढली जाते, म्हणून पाणी गार. म्हणजे नवसागर घालून बिदरची माती कालवणाऱ्या कारागिराची बोटे नेमक्या त्याच गारव्यात शिरत आली आहेत. पुढे तापवलेल्या धातूमुळे तो गारवा हरवतो इतकेच.

हे सगळे इन्सुलिनपाशी कसे येते? इन्सुलिन 1921 साली टोरांटोत सापडले आणि जानेवारी 1922 मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचले गेले. जिथे हिवाळ्यात औषध गोठण्याची धास्ती, तिथे जन्मलेले हे औषध मे महिन्यात गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या, एस.टी. स्टँडवर 42 अंशांत उभे राहते. न उघडलेली शिशी 2 ते 8 अंशांत ठेवायची. वापरात असलेली शिशी किंवा पेन बहुतेक प्रकारांत 25 किंवा 30 अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते. उन्हाने तापले तर त्यातले प्रथिन हळूहळू मोडते आणि शिशी वरून तशीच दिसते. उलट गोठले तर गुठळ्या होतात, ते टाकूनच द्यावे लागते. गाणगापूरला दर्शनाला निघालेले सोलापूरचे कुटुंब, भालकीहून उदगीरला लेकीकडे निघालेली आई, माणिकनगरला निघालेले आजोबा, अशा किती पिशव्यांत आज ही शिशी असते. तिला प्रवासात गार ठेवायचे दोन मार्ग माणसाला माहीत आहेत, क्षाराचा आणि वाऱ्याचा. दोन्ही बर्फाच्या कारखान्याहून फार जुने आहेत.

क्षाराच्या मार्गाचा जनक कोण, यावर वाद आहे. अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त हे श्रेय अकबराला देतो. जो सोरा बारुदात आग होतो तोच पाणी थंड करायला बादशहाने लावला, याचे त्याला मोठे अप्रूप. कृतीही नेमकी आहे: कथील, चांदी किंवा तशा धातूच्या सुरईत शेरभर पाणी भरून तोंड बंद करायचे, भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात सुरई पाव तास फिरवत राहायची. पाणी आटवले की सोरा परत हाती येतो, म्हणून खर्चही बेताचा. दरबार पंजाबात गेल्यावर 1586 पासून डोंगरातले बर्फ येऊ लागले आणि सोऱ्याचे महत्त्व उतरले.

पण अकबराआधी, 1550 साली, रोममध्ये ब्लासियस व्हिलाफ्रांका या वैद्याने सोऱ्याने मद्य गार करण्यावर पुस्तकच छापले होते. आणि त्याच्याही तीनशे वर्षे आधी दमास्कसचा इब्न अबी उसैबिया सोऱ्याने पाणी थंड करण्याची कृती नोंदवून ती आणखी जुन्या वैद्याच्या नावावर टाकतो. अकबराचे श्रेय इथेच संपते. अबुल फजलने खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. दरबारात जे पहिल्यांदा दिसले ते त्याने धन्याचे मानले.

अरबी वैद्यकातून ही युक्ती हिंदुस्थानात आली असेल तर ती आधी दख्खनमध्ये उतरली की दिल्ली-आग्र्याकडे? माझा कौल दख्खनला. बहमनी राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बिदरला आली आणि इराण-इराकातून आलेल्या परदेशी मुत्सद्द्यांची, वैद्यांची, कारागिरांची इथे रीघ लागली. बिदरजवळच्या नौबादचे कारेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे, इराणी पद्धतीचे. खुद्द बिदरी कलेची आख्यायिकाही इराणी कारागिराचेच नाव घेते. इकडे बारूदही लवकर रुळले: बहमनी वजीर महमूद गवानाने 1472 मध्ये बेळगावच्या तटाखाली सुरुंग लावले. बारूद आले तिथे सोऱ्याची कोठारे आली, आणि परदेशी वैद्य होते तिथे त्याचा थंडावाही माहीत असणार. हे अनुमान आहे, पण दुवे एकाच गावात इतके दाटीने दुसरीकडे सापडणे कठीण.

आता त्या मातीचा प्रश्न, कारण सारी गंमत तिच्यात आहे. बिदरच्या किल्ल्याच्याच मातीत सोरा का? याची तीन उत्तरे दिली जातात. पहिले रंजक आहे: किल्ल्यात शतकानुशतके बारूद साठवले, ते मातीत मुरले. बिदरला बारुदाचा इतिहास आहेच. औरंगजेबाच्या वेढ्यात 1657 मध्ये किल्ल्यातला बारूदसाठा उडाला आणि किल्लेदार सिद्दी मर्जान जबर जखमी झाला. 1696 मध्ये गवानाच्या मदरशाचा मोठा भाग ढासळला, तोही बारुदाच्या स्फोटानेच असे सांगतात. तरी हे उत्तर मला पटत नाही, आणि माझा साक्षीदार चांदी आहे. बारुदात सोऱ्याबरोबर गंधक असतो. मातीत बारूद मुरले असते तर गंधकही असता आणि गंधक चांदीला काळवंडवतो. बिदरीची सगळी शोभा चांदी पांढरी राहण्यात आहे. ज्या मातीने चांदी डागाळली असती ती कारागिराने पहिल्याच दिवशी फेकली असती.

दुसरे उत्तर म्हणते, बिदरच्या तांबड्या जांभ्या पठाराच्या खडकातच काही खास आहे. तसे असते तर किल्ल्याबाहेरचे कुठलेही शेत चालले असते. कारागीर मात्र छपराखालची, आडोशाची मातीच शोधतात आणि जिभेवर ठेवून पारखतात.

म्हणून तिसरे उत्तर खरे. जनावरांचे मलमूत्र, वटवाघळांची विष्ठा, कुजलेला पालापाचोळा यांतल्या अमोनियाचे मातीतले जिवाणू नायट्रेट बनवतात. ते पाण्यात चटकन विरघळते, त्यामुळे उघड्यावर पहिल्याच पावसात वाहून जाते. छप्पर असेल तर साठत जाते. उत्तर हिंदुस्थानात नोनिया लोक जुन्या भिंतींच्या मातीतून सोरा काढत तो याच न्यायाने. बिदरच्या किल्ल्याने एवढेच केले की पाचशे वर्षे पाऊस अडवला.

यापुढचे माझे आवडते अनुमान सुरईचे. बिदरीत हुक्क्याचे बुड आणि सुरया भरपूर घडल्या. मातीची सुरई पाझरते, म्हणून सोऱ्याच्या पाण्यात तिला बुडवता येत नाही. क्षार आत शिरेल. ‘आईन’ला धातूची सुरई हवी ती यासाठीच. जस्ताच्या मिश्रधातूची, न पाझरणारी, उष्णता झटकन बाहेर सोडणारी बिदरी सुरई या कामाला अगदी योग्य. यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे: सोऱ्यात नवसागर मिसळला तर तेच पाणी जस्ताला खाईल. बरोबर. म्हणूनच मला वाटते की दख्खनच्या आबदारखान्यात, म्हणजे दरबारच्या पिण्याच्या पाण्याच्या खात्यात, नुसता सोराच राहिला आणि वॉकरचे जबर मिश्रण इथे कधी पाणी गार करायला वापरले गेले नाही. नुसत्या सोऱ्यानेही पाणी दहाएक अंशांनी उतरते. सरबताला तेवढे पुरे.

इन्सुलिनला मात्र हा सगळा थोर वंश उपयोगाचा नाही, हे मला जड मनाने लिहावे लागते. अमोनियम नायट्रेटची पिशवी काही मिनिटे गोठणबिंदूच्या जवळ जाते आणि अर्ध्या तासात कोमट होते. शिशी तिला टेकली तर आधी गोठण्याचा धोका, मग उन्हाचा. थर्मासात थेट बर्फावर ठेवलेल्या शिशीचीही तीच गत होते.

वाऱ्याचा मार्ग गरिबाचा आहे आणि इथे तोच जिंकतो. माठ, रांजण, बैलगाडीला नि मोटारीला लटकणारी कॅनव्हासची छागल, खिडकीवरचा वाळ्याचा पडदा: पाणी उडून जाताना उष्णता नेते. या गारव्याला खालून मर्यादा असते, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीला दिसेल तेवढीच. मे महिन्यात कलबुर्गीला 42 अंश आणि हवेत 20 टक्के दमटपणा असेल तर ती मर्यादा 24 अंशांच्या आसपास येते. 2 ते 8 इथे मिळत नाही, पण वापरातल्या शिशीला ते लागतही नाही, आणि गोठण्याची तर शक्यताच नाही.

हल्ली मिळणाऱ्या, पाण्यात भिजवून वापरायच्या थैल्या (ब्रिटनमधली ‘फ्रिओ’ त्यांतली नावाजलेली) हेच करतात. त्यांतले पाणी पिऊन फुगणारे दाणे ज्या घराण्यातले आहेत, त्या घराण्याला अमेरिकेच्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेने चालना दिली ती जमिनीत ओल धरण्याच्या विचाराने. म्हणजे या थैलीच्या कुळातही माती आलीच. मातीच्या भांड्यांची रीतसर परीक्षाही झाली: 2016 साली ‘डायबेटिक मेडिसिन’मध्ये निरनिराळ्या देशांतल्या माठांत इन्सुलिन साठवण्याच्या चाचण्या छापून आल्या, माठ उपयोगी ठरले, कोरड्या हवेत जास्तच. 2021 मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियाच्या निर्वासित छावणीतले खालीवर होणारे तापमान, 25 ते 37 अंश, प्रयोगशाळेत उभे करून दाखवले की चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकते. माठात शिशी ठेवणाऱ्या बाईला कुणी अडाणी म्हणू नये, इतका पुरावा आता आहे.

थैली बिघडते ती आपल्या नीटनेटकेपणामुळे. ओली आहे, कपडे भिजतील म्हणून लोक ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेच्या तळाशी दडपतात. वारा बंद झाला की थैली निव्वळ ओलसर फडके राहते. तिला सावलीत, खिडकीजवळ, उघड्यावर लटकू द्यावे; वाळली की पुन्हा भिजवावी. कलबुर्गीहून मुंबईच्या गाडीत बसलात तर सोलापूर, दौंड, पुण्यापर्यंत ती बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गार राहू शकते. बोरघाट उतरून कर्जतला आलात की हवा 34 अंशांची, पण दमटपणा 70 टक्के. तिथे मर्यादा 29 वर चढते आणि थैली हवेपेक्षा जेमतेम पाच अंश गार राहते. तिथून पुढे, आणि गोव्यात किंवा रत्नागिरीत राहायला गेल्यावर, फ्रीज असलेले घर किंवा ओळखीचे औषधाचे दुकान आधीच ठरवून ठेवावे.