उसाच्या नोंदीतून समजून घ्या डेटाबेस

एकमेकांशी संबंधित माहिती ठरावीक रचनेत साठवणे, शोधणे आणि बदलणे यासाठीची व्यवस्था म्हणजे डेटाबेस. बँक खाते आणि रेल्वे आरक्षण यांच्यामागे तो असतोच, पण सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातही त्याचे काम रोज चालते. लागणीची तारीख चुकीची नोंदली गेली, तर तोड मागे पडते आणि वजन दुसऱ्याच्या नावावर चढले, तर बिल अडकते.

वारणेचा प्रयोग

१९९८ मध्ये वारणानगर परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजन आणि बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्याचा हेतू होता. पुढे संशोधकांनी त्यातील काही गावांत संगणकाऐवजी मोबाइल संदेशाचा वापर करून पाहिला. शेतकऱ्यासमोरचे साधन बदलले, पण विचारायची माहिती तीच राहिली. डेटाबेस आणि तो दाखवणारा पडदा वेगळे ठेवण्याचा हा फायदा आहे.

तक्ते कसे पाडतात?

आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली. हाच रिलेशनल डेटाबेस. समजा, एका कारखान्यासाठी तो तयार करायचा आहे. त्यात तीन तक्ते लागतील:

• सभासद : सभासद क्रमांक, नाव, गाव, बँक खाते
• ऊस नोंद : नोंद क्रमांक, सभासद क्रमांक, गट नंबर, जात, लागणीची तारीख
• वजन : पावती क्रमांक, नोंद क्रमांक, टन, वेळ

बँक खाते फक्त पहिल्या तक्त्यात आहे. ते बदलले, तर एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते. माहितीची अशी अनावश्यक पुनरावृत्ती टाळण्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. सभासद क्रमांक ही पहिल्या तक्त्याची प्रायमरी की आणि दुसऱ्या तक्त्यात तोच क्रमांक फॉरेन की म्हणून येतो. त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर ऊस नोंदवताच येत नाही.

नाव ही की का नसावी?

एका गावात एकाच नावाचे चार शेतकरी असू शकतात. शिवाय नावे बदलतात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. नावावर आधारलेली नोंद अशा वेळी तुटते, क्रमांकावर आधारलेली टिकते.

उसाच्या जातीचेही तसेच. फलटण तालुक्यातील पाडेगावच्या संशोधन केंद्राची 'को एम ०२६५' ही जात शेतकरी 'फुले २६५' म्हणून ओळखतात. दोन्ही नावे हाताने लिहू दिली, तर एकाच जातीचे दोन हिशेब तयार होतात. म्हणून जातींचा वेगळा तक्ता करून त्यातूनच निवड करायला लावतात.

अर्धवट व्यवहार नको

उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. कपात झाली आणि जमा होण्याआधी वीज गेली तर? यासाठी ट्रान्झॅक्शन असते. दोन्ही नोंदी एकत्र पूर्ण होतात, नाहीतर दोन्ही रद्द होतात. कायद्यानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे अपेक्षित असल्याने अशी चूक परवडत नाही.

कोणती साधने वापरतात?

तक्त्यांशी बोलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. 'अमुक सभासदाचे या हंगामातील एकूण टन दाखव' हा प्रश्न तिच्यात दोन-चार ओळींत विचारता येतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल मोफत मिळतात. अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या यंत्रणेसाठी ते योग्य आहेत. एसक्यूलाइट एका फाइलमध्ये मावतो. मोबाइल ॲपमध्ये आणि रेंज नसलेल्या शिवारात नोंदी घेण्यासाठी तो सोयीचा ठरतो. तक्ते पाहण्यासाठी डीबीव्हर किंवा पीजीॲडमिन वापरतात. नोंदी लाखांत गेल्या की शोध मंदावतो. तेव्हा ज्या रकान्यावर वारंवार शोध होतो, त्यावर इंडेक्स लावतात. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखेच त्याचे काम असते.

बॅकअप कुठे ठेवावा?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले. अशा वेळी सर्व्हर आणि त्याची प्रत एकाच इमारतीत असेल, तर दोन्ही बुडतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर असावी. ती परत सुरू होते का, हेही अधूनमधून तपासावे. न तपासलेल्या प्रतीवर भरवसा ठेवला, तर हंगामभराच्या वजनाचा हिशेब पुन्हा कागदी पावत्यांवरून जुळवावा लागतो आणि शेतकऱ्याची पावती हरवली असेल, तर तेवढाही पुरावा उरत नाही.