जोत्याखालचे बिऱ्हाड

आपल्याकडे घर बांधायला काढले की जाणती माणसे आधी विचारतात, "जोते किती घेतलेत?" पावसाचे पाणी, ओल, विंचूकाटा, या सगळ्यांचा त्या प्रश्नाशी संबंध असतो. आज ज्या घरांची हकीगत सांगायची आहे ती फार दूरची, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातली. पण तिथेही सारे अडते ते या एका प्रश्नापाशीच.

ब्रुकलिन हाइट्स ही ईस्ट नदीकाठच्या उंचवट्यावरची जुनी वस्ती. एकोणिसाव्या शतकात सधन व्यापाऱ्यांनी तिथे भिंतीला भिंत लावून घरे बांधली. बांधकाम विटांचे, पुष्कळ घरांच्या दर्शनी बाजूस तपकिरी वालुकाश्म. रस्त्यावरून उंच जिना चढला की दिवाणखाना. दारापुढच्या या पायऱ्यांची रीत डच वसाहतवाल्यांची.

आता त्याच पायऱ्यांच्या खाली पाहा. एक लहानसे दार दिसेल. दोनतीन पायऱ्या उतरून आत गेले, म्हणजे काहीसा जमिनीत आणि काहीसा जमिनीवर असा मजला लागतो. मागच्या अंगाला तो परसात उघडतो, म्हणून आज त्याला 'बागेचा मजला' असे गोंडस नाव आहे. मूळचा हा मजला चुलीचा. मालक वरच्या दाराने येत, मोलकरणी खालच्या. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचे पीक बुडाले आणि दुष्काळ पडला. तिथून पोटासाठी आलेल्या कितीतरी मुलींनी अशा मजल्यांवर उमेद घालवली.

पुढे काळ फिरला. सुखवस्तू कुटुंबे दुसरीकडे गेली. 1930 नंतरच्या मंदीत पुष्कळ घरांच्या खोल्या पडल्या, आणि जिथे चूल होती तिथे बिऱ्हाड आले.

मग जमिनीत किती खोलवर माणूस ठेवावा? हा प्रश्न सरकारपुढे आधीच आला होता. 1867 साली न्यूयॉर्क राज्याने भाडोत्री घरांचा पहिला कायदा केला आणि तळघरात बिऱ्हाड ठेवण्यावर बंधने घातली. 1901 च्या कायद्याने नव्या इमारतींत खोलीखोलीला खिडकी मागितली. मजला मोजण्याची तिथली रीत तर अगदी सोपी आहे. निम्मी किंवा अधिक उंची जमिनीच्या वर असेल, तर तो राहण्याजोगा मजला धरता येतो; निम्म्याहून अधिक खाली असेल, तर ते तळघर. तळघर राहायला देणे सहसा बेकायदा. निम्म्या मजल्याचाच तो काय फरक!

1965 च्या एप्रिलात शहराने वारसा जतनाचा कायदा केला. त्याच नोव्हेंबरात ब्रुकलिन हाइट्स हा शहरातला पहिला संरक्षित ऐतिहासिक विभाग ठरला. घरांचे दर्शनी रूप परवानगीवाचून बदलता येईना. वास्तू वाचल्या, हे खरे. पण भाडी वाचली नाहीत. मोलकरणींची ती जागा आज चांगल्या पगारदारालाही महाग पडते.

ज्यांना ती परवडत नाही, ते कुठे जातात? आणखी खाली. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने न्यूयॉर्कला झोडपले. तासाभरात तीन इंचांहून जास्त पाणी पडले. शहरात अकरा माणसे तळमजल्याखालच्या घरांत मरण पावली. बहुतेक क्वीन्स भागातली. त्यांतल्या बहुतेक जागा परवानगीवाचून भाड्याने दिलेल्या होत्या. कायदा नव्हता असे नव्हे, बरं का. कायद्यात बसणारी स्वस्त जागा नव्हती.

गुरुजनहो, आपली मुले उद्या शिक्षणाला, नोकरीला शहरात जातील. भाड्याची खोली पाहताना रंग आणि फरशी कुणीही पाहतो. त्यांना चार गोष्टी जास्त विचारायला शिकवा: रस्ता खिडकीच्या वर आहे की खाली? भिंतीला ओलीची रेघ कुठवर आहे? पाणी तुंबले तर ते कुठे जाईल? आणि दार अडलेच, तर बाहेर पडायला दुसरी वाट कोणती? आगाऊ रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी एवढे विचारलेच पाहिजे.